मागचं डावं चाक

भंडारा, १२ जून

प्रविण,

वर 'चि.' लिहिलेलं नाही, ते विसरले म्हणून नव्हे.

तुझे फोन मी उचलत नाही आणि उचलणार नाही. फोनवर तू गोड बोलतोस आणि नंतर असं बोललोच नव्हतो म्हणतोस. विक्रीकर कार्यालयात नोकरीभर मी गोड बोलणारी माणसं पाहिली. त्यांची दप्तरं मी आधी उघडायची. तेव्हा काय ते पत्रात लिही.

शेजारच्या डिंपलकडून निरोप धाडलास. ब्यूटी पार्लर चालवणाऱ्या मुलीला मध्यस्थ करावं लागलं, यावरूनच तुझी बाजू किती भक्कम आहे ते कळतं. म्हणे नातवंडाचा पहिला तान्हा पोळा आहे, नंदी द्या. रायपूरला कोणत्या गल्लीत पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी नंदी दोरीने ओढत घरोघर बोजाऱ्याचे पैसे मागत फिरतात, सांगशील? तिथे मातीचे बैल मिळतात. ते घे. आमचा नंदी कशाला? दिवाणखान्यात काचेच्या कपाटात ठेवून पाहुण्यांना 'आमचा ॲन्टिक पीस' म्हणायला?

तो बाबांचा नंदी आहे. धड गल्लीतल्या सगळ्यांसारखं त्याच सुताराकडचं, कबूल. पण चाकं बाबांनी बसवलीत. दिवसभर पितळेच्या गुंडांवर, पाण्याच्या घागरींवर, ठोके घालून हात बधिर झालेला माणूस संध्याकाळी पायरीवर बसून त्या एवढ्याशा चाकांच्या भोकांत पितळी नळी बसवत होता. लाकूड झिजू नये म्हणून. मी समोर बसून पाहिलं आहे. तू तेव्हा पाळण्यात होतास.

आणि नंदी धड कुठे आहे? आईच्या तेराव्याला पंगत बसलेली असताना तो टॉवेलात गुंडाळून कोणाच्या बॅगेत गेला होता? मी बॅग उघडली नसती तर तो तेव्हाच रायपूरला पोचला असता. ओढाताणीत पुढचं चाक निघालं आणि शिंग तुटलं. शिंग तुझ्या हातात होतं, याची नोंद असू दे.

मी तो दुरुस्त करते आहे. तुझ्यासाठी नाही. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा गेला आहे, बाबांचं गिरमिट आता फिरवता येत नाही. म्हणून एखादी लहानशी मशीन शोधते आहे, पेनासारखी हातात धरता येणारी, भोक पाडणारी, घासणारी. पेन्शनीत बसेल अशी. भैय्यालालच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले तर त्याने काउंटरवर बंदुकीएवढं ड्रिल ठेवलं.

"बाई, कायले भोक पाडाचं हाय?"

मी पिशवीतून नंदी काढून दाखवला. दुकानातली दोन माणसं हसली.

"ह्याले?" तो म्हणाला. "ही भिंत फोडाची मशीन हाय जी. ह्याचा भुगा होऊन जाईन. अन् बारीक मशीन ठेवून मी कोणाले विकू? इथं गिऱ्हाईक सिमेंटवाले."

नागपूरला चौकशी केली, तर सोनारांची म्हणून एक मशीन दाखवतात. तिची किंमत ऐकून मी त्या माणसाला विचारलं, सोनं सोबत देता का?

तुझ्याकडे मी काही मागत नाहीये. तू विचारशील की दुरुस्ती कुठवर आली, म्हणून लिहिलं.

विजयमाला


भंडारा, ४ जुलै

प्रविण,

तुझं उत्तर आलं. इतकं नम्र पत्र तू आयुष्यात कोणाला लिहिलेलं नाहीस. म्हणून दोनदा वाचलं.

पहिली शंका. 'ताई, नंदी तुझ्याकडेच राहू दे, पण तू चाकं सगळी खोलून नीट बघ' असं लिहिलं आहेस. परवापर्यंत नंदी हवा होता. आता चाकं खोलून बघ. का? मी खोलावीत, मोडावीत आणि मग 'दुरुस्त करायला रायपूरला पाठव' म्हणायचं, असा बेत असेल तर तो सोडून दे.

दुसरी शंका. रेणूने पत्रात काहीच लिहिलेलं नाही. तुझी बायको गप्प असते तेव्हा घरात काहीतरी ठरलेलं असतं.

मशीनचं सांगते. ऑनलाइन मागवली. चित्रात ती मशीन कमळाच्या पाकळ्या कोरत होती. प्रत्यक्षात जे आलं ते खेळण्यातल्या गाडीच्या मोटरला टोपण बसवल्यासारखं होतं. पुढे लावलेला बिट सरळ फिरायचाच नाही, दारू प्यायल्यासारखा डुलायचा. एका जागी भोक पाडायला धरला की भोवतीचं सगळं ओरबाडायचा. मी आधी एका फळीच्या तुकड्यावर वापरून पाहिली म्हणून नंदी वाचला. शेवटी मशीन इतकी तापली की मी ती पाटावर टाकली. पाटाला डाग पडला आहे.

परत न्यायला जो माणूस आला तो म्हणाला, "मॅडम, डब्बा उघडला आहे, परत नाही होणार."

मी म्हटलं, "डबा न उघडता मशीन खराब आहे हे कसं कळतं, ते मला शिकवून जा."

तो बसला. मी चहा दिला नाही. मशीन घेऊन गेला.

हे सगळं डिंपलने खिडकीतून ऐकलं असणार, कारण दुसऱ्याच दिवशी ती एक डबा घेऊन दारात उभी.

"मावशी, ही नखं घासाची मशीन. पार्लरमधी जुनी पडून होती. पेनावानीच हाय, पायाखाली पायंडल हाय, स्पीड कमी-जास्त होते. लाकडाले चालते का पाहा."

"तू मला का देते आहेस?"

"अशीच."

अशीच. माझ्या अनुभवात 'अशीच' हे कारण कोणीच कागदावर टिकवू शकलेलं नाही. तरी ठेवून घेतली. पाहायला काय हरकत आहे? लोण्यासारखी चालते. बिट जराही डुलत नाही. आवाज एखाद्या चिलटाएवढा. दाब दिला तरी थांबत नाही, आणि अंगठ्याला काही करावंच लागत नाही, फक्त धरून ठेवायचं. इतके दिवस मी हार्डवेअरवाल्यांच्या दारात उभी होते आणि पाहिजे ती वस्तू बायकांच्या नखांच्या दुकानात!

रंगाचे थर काढायला घेतलेत. सगळ्यात वर मी शेवटचा दिलेला पांढरा. त्याखाली त्याच्या आधीचा निळसर पांढरा. त्याखाली मग सालोसालचे. दर पोळ्याला मी रंगवायची, तू मिरवायचास. दोरीला हात लावला तर आई म्हणायची, मुलींनी ओढायचा नसतो. कॉन्व्हेंटात सिस्टर आम्हाला सांगायच्या की देवापुढे मुलगा-मुलगी सारखे. सुट्टीत घरी आले की कळायचं, नंदीपुढे नाहीत.

चाकांना बाबा दरवर्षी तेल सोडायचे, आठवतं? फार कुरकुरायची. एकाला सोडून बाकीच्यांना.

विजयमाला


भंडारा, १९ जुलै

प्रविण,

तू पकडला गेला आहेस.

डिंपलने दिलेल्या डब्यातून पेडल बाहेर काढलं तर खालच्या बाजूला कागदाचा बोळा होता. मी बोळे उलगडते, ही माझी सवय तुला माहीत असायला हवी होती. हिंदी वर्तमानपत्र. रायपूरच्या कुठल्याशा भागात नळाला पाणी येत नाही म्हणून लोक रस्त्यावर आल्याची बातमी. आणि तारीख गेल्या महिन्यातली. भंडाऱ्याच्या पार्लरमध्ये 'जुनी पडून' असलेली मशीन!

डिंपलला बोलावलं. पोहे केले होते ते आधी तिच्यापुढे ठेवले. साक्षीदाराचं तोंड भरलेलं असलं की तो उठून जात नाही.

"पोहे चांगले झालेत?"

"मस्त जी मावशी."

"रायपूरच्या पाण्याचा प्रश्न सुटला का?"

ती चावायची थांबली. मग हसायला लागली. "मावशी, तुमी तं पोलिसाच्या वरच्या निघाल्या."

"प्रविणने पाठवली ना?"

"मामानं सांगतलं होतं, ताईले सांगशीन नको, नाई तं ते वापस करन. माह्यावर काहून चिडता? माही मशीन तं माह्याजवळच हाय. तुमाले पाहिजे होती, तुमाले भेटली."

"आणि नंदीचे फोटो? मोबाइल घेऊन खिडकीत कोण उभं असतं?"

"एकच पाठवला," ती म्हणाली. मग पोह्यांत चमचा फिरवत, "दोन."

म्हणजे माझ्या घरावर पाळत होती आणि मी वेडी नव्हते.

ती उठता उठता म्हणाली, "पण मावशी, मामाची नात लय गोड हाय. गुड्डी म्हणतेत तिले."

"नात? मला वाटलं नातू."

"कोणं सांगतलं नातू? पोरगी हाय. पाय फुटले आताच, घरभर सगळं ओढत फिरते."

तू 'नातवंड' असा निरोप धाडलास. मुलगी म्हणून लिहिलं असतंस तर काय मी पत्र फाडलं असतं? का तुला वाटलं, ताई म्हणेल मुलींनी ओढायचा नसतो? ते मी म्हणत नव्हते, प्रविण. ते मला म्हटलं जायचं.

या माहितीने माझा निर्णय बदललेला नाही. फक्त शिंगाचं काम आधी घेतलं. तुटक्या तोंडांत मशीनने बारीक भोकं पाडली, आत लाकडाची काडी घालून शिंग चिकटवलं. आता सांधा मलाच शोधावा लागतो.

मशीन परत पाठवणार होते. पण ती पुरावा आहे, म्हणून ठेवली आहे. पुरावा चालू स्थितीत आहे की नाही हे रोज बघावं लागतं.

मला अजून एक कळत नाही. मशीन द्यायची तर उघड का नाही दिलीस? तुझ्या उपकाराची मला शंका येते, हे कारण असू शकतं. पण तू वरचेवर 'चाकं खोल' का लिहितोस? तुझ्या या नव्या पत्रातही आहे. 'ताई, चाकं बघितलीस का?' काय आहे चाकांत?

विजयमाला


भंडारा, २ ऑगस्ट

प्रविण,

चाकं खोलली.

पहिलं, तेराव्याच्या दिवशी निघालेलं पुढचं चाक. ते मी तेव्हापासून रुमालात बांधून ठेवलं होतं. त्याच्या भोकात पितळी नळी नव्हती. मला वाटलं, ओढाताणीत पडली. मग वाटलं, तू उचललीस. खोटं का बोलू, दोन दिवस मी तसंच धरून चालले होते आणि तुला लिहायचं कठोर पत्र मनात तयार होतं.

मग दुसरं पुढचं चाक उघडलं. गंजलेला लोखंडी खिळा, आणि चाकाचं नुसतं लाकूड. ते कुठूनही निघालेलं नव्हतं, कोणी हात लावलेला नव्हता. खिळ्याच्या डोक्यावर रंगाचे किती थर! नळी तिथे कधी नव्हतीच. झिजून भोक अंड्यासारखं लांबट झालं आहे.

पितळेचं चाक कुरकुरत नाही, प्रविण. माझ्या डोळ्यांसमोर त्या माणसाने नळ्या बसवल्या त्या याचसाठी. आणि तरी आयुष्यभर मी त्या नंदीची कुरकुर ऐकत आले आणि एकदाही माझ्या डोक्यात आलं नाही. खोटी बिलं वासावरून ओळखणारी मी!

हा बाबांचा नंदी नाही.

मग मी बसून हिशोब जुळवला. दरवर्षी मी रंगवायची, एक वर्ष सोडून. त्या वर्षी सिस्टरांनी पोळ्याची सुट्टी दिली नाही, मी नागपूरच्या हॉस्टेलवर होते. तू पहिलीत असशील. मारुतीच्या देवळापुढे सगळ्या पोरांचे नंदी तोरणाखाली ओळीने उभे करायचे आणि तुम्ही सगळे चिवड्याकडे धावायचात. एकाच सुताराचे नंदी, एकाच दुकानचा पांढरा रंग, सगळ्यांच्या पाठीवर तीच लाल झूल. परत येऊन ज्याला जी दोरी हाताशी लागली ती घेऊन तो घरी.

मी असते तर झालं नसतं. माझ्या हातचे डोळे मी ओळखले असते. पण त्या वर्षी रंग आईने दिला होता, घाईत.

तुला हे माहीत होतं. कधीपासून? मी ज्या नंदीसाठी भावाशी बोलणं टाकलं, तो दुसऱ्याच्या घरचा आहे हे माहीत असून तू टॉवेलात कशाला गुंडाळलास? आणि आता मला चाकं खोलायला का लावलीस? मी खजील व्हावी म्हणून? झाले नाही. आधी उत्तर दे.

मागची दोन चाकं अजून उघडलेली नाहीत. हात चालला नाही.

विजयमाला


भंडारा, १३ ऑगस्ट

चि. प्रविण,

परवा तुझा फोन मी उचलला. रिंग वाजून वाजून डिंपल दारात आली म्हणून. त्या फोनवर तू जे बोललास ते मी इथे लिहून ठेवते, म्हणजे नंतर बदलायला नको.

तू म्हणालास, "ताई, दोरी ओढल्याबरोबर मले समजलं. आवाज करून राहिला होता तो. आपला नंदी आवाज नव्हता करत."

मी म्हटलं, "मंग वापस कायले नाई गेला?" बघ, तुझ्याशी बोलले की माझं कॉन्व्हेंट कुठे जातं.

"गेलतो. पटांगण खाली होतं. घरी येऊन आईले सांगतलं. आईनं शपथ घातली. म्हणे बाबाले सांगशीन नको, त्याचं मन मोडन. बाबाले शेवटपर्यंत मालूम नाई पडलं, ताई. मी तो नंदी कपाटात पाहू शकत नव्हतो. आई गेली तवा वाटलं, नेतो, रायपूरले चारही चाकाईत पितळ टाकून आणतो, कोणाले समजणार नाई."

म्हणजे चोरायला नव्हे, लपवायला.

"अन् मशीन?"

"तू खोलशीन म्हणून. मले तोंडानं सांगता येत नव्हतं."

मग तुझ्याकडून गुड्डी फोनमध्ये काहीतरी ओरडली.

मी फोन ठेवला. शहानिशा केल्याशिवाय मी काही म्हणत नाही. काल मागची चाकं उघडली. उजवं, पुढच्यांसारखंच, खिळा आणि लाकूड. मग डावं.

मागचं डावं चाक आठवतं? त्या अदलाबदलीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या पोळ्याला तू ते नाल्याच्या पुलावर आपटून फोडलंस आणि मार बसेल म्हणून जेवायला आला नाहीस. बाबांनी मारलं नाही. नंदी घेऊन पायरीवर बसले आणि नवीन चाक करून दिलं. ते चाक. मशीनचा बारीक बिट लावून खिळ्याभोवतीचा रंग काढला आणि आत पिवळं चमकलं. पितळी नळी. दोन्ही टोकांच्या कडा बाहेर दुमडलेल्या, गुंडाच्या तोंडाची कड दुमडतात तशा. असं दुसरं कोणी करत नव्हतं, मी दुसऱ्या कोणाचं पाहिलेलं नाही.

आता नीट वाच. ज्या माणसाने स्वतः चार चाकांत चार नळ्या घातल्या, त्याने चाक बदलायला नंदी उलटा केला. बाकीची तीन चाकं त्याच्या नाकासमोर. त्याला लोखंडी खिळे दिसले नाहीत असं तुला म्हणायचं आहे? पितळेचं काम करणाऱ्या माणसाला?

आणि त्यानंतर प्रत्येक पोळ्याला तेलाची वाटी घेऊन तो तीनच चाकांना तेल सोडायचा. चौथ्याला नाही. चौथ्याला लागतच नव्हतं. मी शेजारी बसून रंगवत होते आणि विचारलं नाही, का.

बाबांना माहीत होतं. तू आईची शपथ पाळत राहिलास, आई त्यांना जपत राहिली, आणि ते तुम्हा दोघांना. दुसऱ्याच्या बैलाला तेल घालत.

आपला नंदी कुठेतरी या गावातच असेल, एखाद्याच्या कपाटात, अजून आवाज न करता चालत असेल. मला आधी वाटलं होतं, शोधून काढीन. घरोघरी जाऊन उलटे करून बघीन, मला कोण अडवणार? आता जाणार नाही. त्यांच्याही घरी कोणीतरी तो रंगवला असेल.

आईच्या जुन्या पितळी स्टोव्हची नळी मशीनच्या चकतीने कापून मी तीन तुकडे केले. कडा बाबांसारख्या दुमडता आल्या नाहीत. अंगठा ऐकत नाही. पण चाकं फिरतात. तीन चाकांत माझं पितळ आहे. चौथ्याला हात लावलेला नाही.

पोळ्याला या. गाडी वरठीला थांबते, तिथून ऑटो मिळतात. पहिला भाव सांगतील त्यावर विश्वास ठेवू नकोस. दुसऱ्या दिवशी नंदी गुड्डी ओढेल, आपल्या गल्लीतून, देवळापर्यंत. ती दमली तर दोरी माझ्याकडे द्यायची, तुझ्याकडे नाही. तोरणाखाली ओळीत उभा करायचा तो माझ्यासमोर, आणि चिवडा वाटला जात असताना मी नंदीपाशी उभी राहणार आहे.

रेणूला सांग, पत्रात चार ओळी लिहायला हरकत नव्हती.

मशीन परत मिळणार नाही.

तुझी,
ताई

ता. क. येताना तो टॉवेल घेऊन ये. नंदी गुंडाळायला माझ्याकडे तेवढा मोठा नाही.